गुरुवारी पुसलेला डी ड्राइव्ह

संत तुकाराम नगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दहा बाय बाराचं. काउंटरच्या मागच्या भिंतीवर मी स्वतः स्केचपेनने लिहिलेला एक कागद चिकटवला आहे : ‘आधी कॉपी, मग काम.’ पुष्कळांना ती झेरॉक्सची पाटी वाटते. दोघातिघांनी तर आधार कार्ड पुढे केलं आहे. मी हसून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे बोट दाखवतो.

हा कागद का लावला ते मी यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. यंदा आमच्या भागातल्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, ‘सुनीलभाऊ, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा.’ गमती आहेत. पण त्या लिहायला बसलो की नजर त्या कागदावर जाते, म्हणून त्याचंही लिहितो.

आमच्या धंद्यात एक काम असं : एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम बसवायच्या. बहुतेक वेळा एक विंडोज आणि दुसरी लिनक्स, जी फुकट मिळते. याला ड्युअल बूट म्हणतात. नवख्या माणसाला मी चाकणचं उदाहरण देतो. तिकडे कामगारांच्या खोल्यांत कॉट भाड्याने मिळते. कॉट एक, माणसं दोन. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. हा उठून कंपनीत गेला की तो येऊन आडवा होतो. उशा वेगळ्या, पेट्या वेगळ्या, कॉट तेवढी एकच. कॉम्प्युटरचंही तसंच. मशीन चालू केलं की आधी एक काळा पडदा येतो आणि विचारतो, आज कोण उठणार? तुम्ही सांगाल ती सिस्टीम उठते, दुसरी झोपून राहते. दोन्ही एकदम कधीच जाग्या नसतात.

हा काळा पडदा फार लोकांना घाबरवतो. पिंपळे सौदागरच्या एका आयटीतल्या मुलाला मी असं करून दिलं. चार दिवसांनी त्याच्या सासऱ्यांचा फोन : ‘अहो, जावईबापूंच्या मशीनमध्ये व्हायरस आलाय. काळं झालंय आणि उलटे आकडे मोजतंय!’ पडद्यावर दहा सेकंदांची मोजणी असते, मेनूतून निवडायला. सासऱ्यांनी शून्य व्हायच्या आत पिनच उपटली होती. दुसरे एक निवृत्त फोरमन. त्यांना दोन सिस्टीम हव्या होत्या कारण ‘एकीवर मी बसेन, एकीवर ही बसेल.’ त्यांना कॉटचं उदाहरण दिलं तर त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘म्हणजे आत्ता चाललंय तसंच की!’

लोक समजतात, दुसरी सिस्टीम बसवणं हे अवघड काम. तसं ते नाही. बसवणारा प्रोग्राम सगळं आपणहून करतो. अवघड आहे ती जागा करून देणं. डिस्क म्हणजे एक जमीन. तिचे तुकडे पाडायचे आणि एक तुकडा नव्या माणसाच्या नावावर करायचा. तुकडा देताना तिथे आधीचं जे काही असेल ते पुसलं जातं. पडदा एकदा विचारतो, ‘नक्की?’ आपण हो म्हणायचं. तो पुन्हा विचारत नाही.

आता कागदाचं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी तेव्हा दुकान सांभाळून चाकणकडच्या छोट्या वर्कशॉपांची कॉम्प्युटरची कामं बघायचो. त्यातलं एक दत्ताशेठचं. शेठ तिथल्याच गावचे. जमीन गेली त्या पैशात शेड टाकली, चार प्रेस घेतले आणि मोठ्या गाडी कंपनीला पत्र्याचे छोटे पार्ट पुरवू लागले. पत्र्याला आकार देणारे जे पोलादी साचे असतात त्यांना डाय म्हणतात. शेठकडे अडीचशेच्या वर डाय होत्या आणि बऱ्याच डायची ड्रॉइंग्ज नव्हती. होती ती सलीमचाचांच्या डोक्यात. चाचा टूलरूमचे जुने मिस्त्री. डाय तुटली की ते ती डोळ्यांनी जोखून, हाताने घासून पुन्हा उभी करायचे. पण त्यांचे डोळे अधू व्हायला लागले, तेव्हा शेठनी शोभाला नेमलं.

शोभा बीडकडची. नवरा तिथेच जवळच्या कंपनीत, मुलगी बालवाडीत. आयटीआय झालेली, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची. चाचा एकेक डाय टेबलावर घेऊन मापं घ्यायचे, तेलकट वहीत लिहायचे. शोभा ती मापं कॉम्प्युटरवर घेऊन ड्रॉइंग करायची. तीन वर्षं हे चाललं होतं. चाचा तिला म्हणायचे, ‘बेटी, मी मेलो तरी तुझ्या या कॉम्प्युटरच्या डब्यात जिवंत राहणार बघ.’ ती म्हणायची, ‘मरायचं नंतर बघू चाचा, आधी ही त्रिज्या सांगा.’ ती संध्याकाळी पिंपरीला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला जायची. परीक्षा जवळ आली होती. ती पास झाली की शेठ तिला डिझाइनला घेणार होते.

ही सगळी ड्रॉइंग्ज डी ड्राइव्हमध्ये होती. आमच्या भागात डी ड्राइव्हवर लोकांची श्रद्धा आहे. सीमध्ये विंडोज असतं, ते बिघडतं, पुसून परत टाकावं लागतं. डीला मात्र कुणी हात लावत नाही. ‘महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, बिनघोर राहा,’ हे वाक्य मीच शंभर जणांना सांगितलेलं. शोभालाही. तिने पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवू का विचारलं होतं, पण ड्रॉइंग बाहेर जाईल या भीतीने शेठनी पेनड्राइव्हला बंदी घातली होती. मी म्हणालो, ‘डीमध्ये आहे ना? मग काही होत नाही.’

मग गाडी कंपनीचं ऑडिट ठरलं. या पट्ट्यात ऑडिट म्हणजे काय ते इथल्यांना ठाऊक आहे. जमिनीवर पिवळे पट्टे रंगतात, चपलांचे सेफ्टी शूज होतात, सहा महिने न भरलेले तक्ते दोन दिवसांत भरतात. त्या वर्षी यादीत नवीन कलम होतं : कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर नको. शेठचं विंडोज आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, दोन्ही मीच टाकलेलं. कसलं, ते वेगळं सांगत नाही.

शेठ म्हणाले, ‘सुनीलभाऊ, काय तरी इलाज काढा. ऑडिटवाल्यास्नी दावण्यापुरतं.’

इलाज मला ठाऊक होता. लिनक्स फुकट आणि कायदेशीर. ते शेजारी बसवायचं, मशीन चालू केलं की आपोआप तेच उठेल अशी सोय करायची. ऑडिटवाले गेले की शोभा बाण दाबून विंडोज उठवेल. ती कॉट दिवसपाळीला पाहुण्यांची, रातपाळीला आमची. मला या युक्तीचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. त्या महिन्यात तीन वर्कशॉपांत मी ती केली.

काम गुरुवारी ठरलं. आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. मशिनं बंद, शेडमध्ये चिमण्यांचा आवाज ऐकू येतो. आमच्यासारख्यांची कामं त्याच दिवशी. लाइटवाल्यांचीही कामं गुरुवारीच, म्हणून आधी फोन करून लाइट आहे का विचारायचं. त्या दिवशी होती. शेठ ऑफिसात होते, इस्त्रीचे कपडे घालून. ‘आटपा भाऊ, मला पाहुण्याच्या लग्नाला जायाचंय.’ बाकी कुणी नव्हतं.

मी मशीन चालू केलं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, पुढे लागणार आहे. त्या काळच्या विंडोजवर कॉम्प्युटर नीट शटडाऊन न करता कुणी भिंतीवरचा स्विच बंद केला, तर पुढच्या वेळी चालू करताना बहुधा डिस्क तपासत बसायचं, किंवा मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं असं सांगायचं. त्या सकाळी यातलं काहीही झालं नाही. मशीन सरळ उठलं. म्हणजे बुधवारी संध्याकाळी ज्याने कुणी बंद केलं त्याने नीट बंद केलं होतं.

त्या डिस्कचे तीन तुकडे होते. सीमध्ये विंडोज, डीमध्ये ड्रॉइंग्ज, ईमध्ये गाणी आणि सिनेमे. डी आणि ई मी पूर्वी अगदी निम्मे-निम्मे पाडलेले. ती माझी सवय होती, भावाभावांच्या वाटणीसारखी, कुणाला कमी-जास्त नको. ई लिनक्सला द्यायचा होता. आता लिनक्सच्या पडद्यावर सी, डी, ई अशी नावं नसतातच. तिथे नुसते नंबर दिसतात : एक, पाच, सहा. पाच आणि सहा एकाच मापाचे. शेजारच्या रकान्यात कुठल्या तुकड्यात किती भरलंय तेही दिसत होतं. तो रकाना वाचायला पाच सेकंद लागले असते. शेठनी दारातून गाडीची किल्ली वाजवली. मी पाचवर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं, ‘नक्की?’ मी हो म्हणालो.

लिनक्स छान बसलं. शेठ खूष झाले. मग दाखवायला म्हणून मी विंडोज उठवलं, ई उघडला, तर गाणी सगळी शाबूत. मग डी शोधला. तो दिसतच नव्हता; पाच नंबर म्हणजे डी होता.

‘काय झालं वो?’ शेठ म्हणाले.

‘डी उघडत नाहीये.’

‘कशानं?’

त्या क्षणी ‘माझ्या हातून’ असं म्हणायचं होतं. दोनच शब्द. मी म्हणालो, ‘डिस्कला मार बसलेला दिसतोय. कुणी शटडाऊन न करता डायरेक्ट स्विच बंद केला की होतं असं.’

डायरेक्ट स्विच बंद केला की कधी कधी खरंच तसं होतं. म्हणून ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं.

शेठ म्हणाले, ‘काल शेवटाला शोभाच व्हती. तिला बसची घाई असती ना रोजची.’

मी खाली वाकून स्क्रू काढत राहिलो. मी तिचं नाव घेतलं नाही, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला बजावत आलो. घेतलं नाही, हे खरं आहे. घेऊ दिलं.

डबा दुकानात आणला. फायली परत मिळवायचे प्रोग्राम असतात, ते तीन दिवस चालवले. नव्या सिस्टीमने बऱ्याच जागेवर स्वतःचं सामान मांडलं होतं. जे हाती आलं त्याला ना नाव, ना धड आकार; उघडलं तर अर्धी डाय आणि अर्धा कचरा. मी नवी डिस्क टाकली, माझ्या खर्चाने. शेठना ते माझं मोठं मन वाटलं.

ती बसवायला गेलो तेव्हा शोभा टेबलाजवळ उभी होती. तिने मला सरळ सांगितलं, ‘सर, मी शटडाऊन केला होता. स्क्रीन काळी झाल्यावरच मी पर्स उचलली. मला पक्कं आठवतंय.’

मी म्हणालो, ‘कधी कधी मधेच अडकतं, ताई. आपल्याला वाटतं झालं.’

सलीमचाचा मागून म्हणाले, ‘ती म्हणते तर केला असेल.’

‘चाचा, तुम्ही मधी पडू नका,’ शेठ म्हणाले. मग शोभाला, ‘तू खुलासा लिहून दे. मला उद्या कंपनीला कागद दावाया लागंल.’

कारखान्यात चूक झाली की माणसाकडून लेखी खुलासा घेतात. ती टेबलाच्या एका कडेला लिहायला बसली आणि दुसऱ्या कडेला मी वायरी जोडत होतो. थोडं लिहून ती थांबली. ‘सर, टेक्निकल कारण काय लिहू?’

मी सांगितलं. तिने लिहिलं.

या धंद्यात मी बरंच काही केलं आहे, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा आठवतं ते एवढंच. मी वाक्य सांगत होतो आणि ती खाली मान घालून, माझ्याहून चांगल्या अक्षरात, ते उतरवून घेत होती.

पुढचं मला कानावर आलं तसं. चाचांच्या वह्या होत्या, काही पानं तेलाने चिकटलेली. त्यांच्यावरून शोभाने सगळी ड्रॉइंग्ज पुन्हा काढली. आठ-नऊ महिने, गुरुवारचीसुद्धा येऊन. संध्याकाळचा कोर्स सुटला, परीक्षा राहिली. काम पुरं झालं आणि तिने शेठना सांगितलं, मला कॉम्प्युटरवर नको, स्टोअरला टाका. डिझाइनला बाहेरचा मुलगा आला. मी त्या वर्कशॉपला जाणं हळूहळू बंद केलं. फोन आला की दुकानात गर्दी आहे म्हणायचो. आणि भिंतीवर कागद लावला. कागदाने फरक पडला. त्यानंतर माझ्या हातून कुणाचं एक अक्षर गेलेलं नाही. पण ही चूक अशी होती की कागद लावून नंतरच्या लोकांचं भलं झालं, जिचं नुकसान झालं ते झालंच.

यंदा कॉलेजं सुरू झाल्यावर एका दुपारी एक बाई लॅपटॉपची बॅग घेऊन आल्या. केसांत पांढरं, चष्मा. ‘मुलीचा आहे. इंजिनीअरिंगला गेली. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायला सांगितलंय कॉलेजात.’ मग थांबून, ‘सर, ओळखलं नाही? मी शोभा. दत्ताशेठकडची.’

मी खुर्ची दिली. चहा सांगितला. तिने भिंतीवरचा कागद वाचला आणि म्हणाली, ‘बरं केलं हे लावलं ते. मला तर सर इतकी भीती बसलीये ना, घरी मिक्सरचं बटणसुद्धा दोनदा बघते. मुलगी हसते. तिला म्हणलं, बाई, एक स्विच चुकला तर काय होतं ते तुला माहीत नाही.’

तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं, तक्रार म्हणून नव्हे.

मी म्हणालो, ‘शोभाताई, तुमचा स्विच चुकला नव्हता.’

आणि मग सगळं सांगितलं. पाच आणि सहा, न वाचलेला रकाना, शेठची किल्ली. चहा आला, तसाच राहिला. ती ऐकत होती, बॅगेच्या चेनशी बोटं चाळवत. मी संपवलं तेव्हा तिने एकच विचारलं.

‘म्हणजे मी शटडाऊन केला होता?’

‘केला होता. नीट.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

सकाळी मशीन कसं सरळ उठलं ते सांगितलं.

‘म्हणजे त्याच दिवशी माहीत होतं.’

‘हो.’

तिने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, ‘मला आठवत होतं सर. स्क्रीन काळी झालेली डोळ्यांपुढे दिसायची. पण सगळे म्हणाले, तुम्ही म्हणालात, तर वाटलं, नसेल केला. आपल्याला घाईत तसं वाटलं असेल. चाचा एकटे म्हणायचे, तू केला असशील. त्यांच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हाही म्हणाले. तर मीच त्यांना म्हणलं, नाही चाचा, माझंच चुकलं.’ तिने चष्मा काढून पदराने पुसला. ‘गेले ते. चार वर्षं झाली.’

मी माफी मागितली. ती शब्दात मागता येते तेवढीच मागितली.

ती म्हणाली, ‘तोंडी नको. लिहून द्या. माझ्याकडून लिहून घेतलं होतं ना?’

मी दुकानाचं लेटरहेड घेतलं. लिहून तिच्यापुढे ठेवलं. तिने ड्रॉइंग तपासावं तसं एकेक ओळ तपासलं. ‘हे “डेटा गेला” नको. आपोआप नाही गेला. “मी पुसला” लिहा.’ मी खोडलं. ती म्हणाली, ‘खाडाखोड नको, दुसरा कागद घ्या.’ दुसऱ्या कागदावर लिहिलं. ‘माझं पूर्ण नाव घाला. आणि खाली हुद्दा.’

‘हुद्दा काय लिहू? स्टोअर...?’

‘तेव्हाचा लिहा. ड्रॉइंग विभाग.’

मी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग विचारलं, लॅपटॉप दुसऱ्या कुणाकडे देणार का?

‘नाही. तुम्हीच करा,’ ती म्हणाली. ‘आता तुम्ही नीट कराल.’

लॅपटॉप मी केला. आधी कॉपी काढली, दोन ठिकाणी. ज्या पडद्यावर ‘नक्की?’ विचारतात तिथे मी तो रकाना चारदा वाचला.

चार दिवसांनी ती न्यायला आली तेव्हा पर्समधून एक जुनी झेरॉक्स काढली. तिचा खुलासा. ते अक्षर मी लगेच ओळखलं; वाक्य तर माझंच होतं. माझ्या काउंटरवरचा स्टेपलर घेऊन तिने माझा कागद वर आणि तिचा खाली असा पिन मारून जोडला. शेठना दाखवणार का, मी विचारलं. ‘त्यांना काय दाखवायचं,’ ती म्हणाली, ‘मुलीला दाखवीन.’

मग तिने लॅपटॉप चालू करून बघितला. काळा मेनू आला, दहा सेकंद मोजू लागला. तिने बाण दाबून लिनक्स उठवलं, बंद केलं. विंडोज उठवलं. मुलीच्या फायली उघडून पाहिल्या. शटडाऊन दाबलं. स्क्रीन काळी झाली. ती तरीही बसून राहिली, त्या काळ्या स्क्रीनकडे बघत.

मी म्हणालो, ‘झाला बंद.’

‘तुम्ही नका सांगू,’ शोभा म्हणाली. ‘मला दिसतंय.’

आणि तिने पर्स उचलली.